मधले पाच वर्ज्य

कवळीताईंशी बोलताना माणसं नकळत ओठ मिटून घेत. त्यांची नजर समोरच्याच्या डोळ्यांवर फार वेळ टिकत नसे. ती थेट तोंडात शिरे, कुठला दात किती झिजलाय ते बघून घेई आणि मगच वर येई. यात त्यांचा दोष नव्हता. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून त्या एकतीस वर्षं कवळ्या करत होत्या. खोली दहा बाय आठची. एक खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलावर मेणाच्या वड्या, गॅसची करंगळीएवढी ज्योत आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. नवीन माणूस आत आला की दचके. ताई मान वर न करता म्हणत, "या, या. त्यातला एकही चावत नाही."

त्या खोलीत त्यांचं एकाच गोष्टीवरून भांडण होई. दवाखान्यातून चिठ्ठी येई की पेशंटची वरची कवळी जुनीच ठेवायची आहे, खालची तेवढी नवी करा. ताई चिठ्ठी परत पाठवत. वरचे दात आणि खालचे दात वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून झिजलेले असतात, जुन्या नवराबायकोसारखे एकमेकांच्या खाचाखोचांत बसलेले असतात. त्यात एक बाजू कोरी करकरीत आणून बसवली की चावा बसत नाही. पेशंट घास चावायला जातो आणि कवळी सटकते. बदलायच्या तर दोन्ही बदला. दंतवैद्य म्हणे, पेशंट ऐकत नाही हो. ताई म्हणत, मग त्याला माझ्याकडे पाठवा. पाठवलेला पेशंट पाच मिनिटांत ऐके.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं वाचून कुणीही म्हणेल की या बाईला एवढंही कळू नये? कळत होतं. एकतीस वर्षं कळत होतं.

सायकल त्यांच्या आयुष्यात एकोणपन्नासाव्या वर्षी आली. दिवसभर बसून रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी पोहा नाहीतर चाला म्हणून सांगितलं. पाण्याची त्यांना भीती आणि चालण्याचा कंटाळा. शेजारच्या इमारतीतले एक निवृत्त चित्रकला शिक्षक दर रविवारी सकाळी सायकल घेऊन बाहेर पडताना दिसत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ताईंनी त्यांना फाटकाशी गाठून विचारलं, तुमच्यात बायका असतात का. मास्तर म्हणाले, "असतात. पण गप्पांना श्वास उरत नाही, तेवढी तयारी ठेवून या."

क्लबात दोन तुकड्या होत्या. एक पळणाऱ्यांची. घट्ट कपडे, तासलेल्या पोटऱ्या आणि चाकांच्या वजनावर तासभर चर्चा. दुसरी मास्तरांची. पळणाऱ्यांनी तिला 'शेपूट' असं नाव ठेवलं. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी ब्रश काढला आणि आपल्या तुकडीतल्या प्रत्येकाच्या हेल्मेटच्या मागे एकेक झुपकेदार शेपूट रंगवून दिलं. तेव्हापासून चिडवण्यात काही मजा उरली नाही.

शेपटीत अकरा जण. हृदयाची झडप बदललेली एक शिक्षिका, एकाच डोळ्यानं दिसणारा टंकलेखक, घटस्फोट घेऊन आता फक्त रविवारी एकत्र येणारं आणि त्या दिवशी अगदी गोडीनं वागणारं एक जोडपं, अशी सगळी मंडळी. त्यांचा एकच कायदा होता आणि तो मास्तरांनी घातलेला होता. पळणाऱ्यांचा म्होरक्या सगळ्यांच्या पुढे असतो, शेपटीचा म्होरक्या सगळ्यांच्या मागे. सगळ्यात हळू माणसाच्याही मागे. त्यामुळे शेपटीत मागे पडण्याची सोयच नव्हती. पहिल्या रविवारी ताई उड्डाणपुलाच्या चढावर खाली उतरल्या आणि सायकल ढकलायला लागल्या, तेव्हा मास्तरही उतरले आणि मागून ढकलत आले. धीर दिला नाही, उपदेश केला नाही. फक्त म्हणाले की चालत गेलं की या पुलावरून तलाव चांगला दिसतो, सायकलवरून कठडा आड येतो. ताईंना हा माणूस तेव्हाच पटला.

त्याला आठ वर्षं झाली. आणि आता मास्तरांचा खुबा बदलला होता. चालणं जमत होतं, सायकल संपली होती.

क्लबाचा नियम असा की रस्त्यावर जाणाऱ्या प्रत्येक तुकडीचा म्होरक्या गेल्या दोन वर्षांत दोनशे किलोमीटरची राइड पुरी केलेला हवा. साडेतेरा तासांत दोनशे, वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर वेळेत शिक्के, एक मिनिट उशीर झाला तरी कार्ड बाद. मास्तरांची मुदत हंगामाबरोबर संपत होती. क्लबाचे अध्यक्ष लिफ्ट बसवण्याच्या धंद्यातले; नियम आणि दोरखंड यांच्याशी ते खेळत नसत. बैठकीत त्यांनी सरळ सांगितलं, विम्याचा प्रश्न आहे, हंगाम संपेपर्यंत म्होरक्या मिळाला नाही तर शेपूट बंद. त्या मंडळींनी हवं तर बागेत फेऱ्या माराव्यात. पळणाऱ्यांपैकी एकालाही दर रविवारी सगळ्यांच्या मागे राहायचं नव्हतं. झडपवाल्या बाईंनी मान खाली घातली. ताई उठल्या आणि म्हणाल्या, "मी करते दोनशे." पळणाऱ्यांपैकी कुणीतरी खाकरलं.

खाकरण्याला कारण होतं. ताईंनी दोनशे दोनदा केली होती आणि दोन्हीदा ती झाली नव्हती. पहिल्यांदा घाटात गुडघा गेला. दुसऱ्यांदा गुडघ्याला पट्टा बांधून त्या दीडशेच्या ठाण्यापर्यंत पोचल्या, पण अकरा मिनिटं उशिरा. ठाण्यावर शिक्का मारायला बसले होते स्वतः मास्तर. त्यांनी घड्याळ बघितलं, वहीत वेळ लिहिली, शिक्का डबीत ठेवला आणि ताईंना पाणी दिलं. अकरा मिनिटांचं काय एवढं, असं बरोबरचा एक जण म्हणाला, तर ताईच त्याच्यावर उखडल्या. मास्तरांनी शिक्का मारला असता तर त्या परत त्यांच्या तोंडाकडे बघू शकल्या नसत्या.

हंगामातली शेवटची दोनशे चार महिन्यांवर होती. ताईंनी चार महिने घरादाराला वेठीला धरलं. पहाटे साडेचारचा गजर, उड्डाणपुलाचे वीस-वीस चढ, संध्याकाळी भिंतीला पाठ लावून अधांतरी खुर्ची. यजमान छापखान्यातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक, स्वभावानं शांत. ते एवढंच म्हणाले की दुसऱ्या कुणाची बायको असती तर मला गंमत वाटली असती.

एक हट्ट मात्र ताईंनी सोडला नाही. त्यांच्या सायकलला मागे अकरा दातेरी चकत्या होत्या, तबकडीएवढ्या मोठीपासून बिस्किटाएवढ्या लहानपर्यंत. मोठ्या चकतीवर चेन टाकली की पाय हलका पडतो, लहानीवर टाकली की जड. सगळ्यात मोठ्या चकतीला पळणारे 'आजीची चकती' म्हणत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एकदा चढावर एकानं शेजारून जाताना सल्ला दिला होता की काकू, आजीची आहे ना, टाका की. त्या दिवसापासून ताईंनी आजीच्या चकतीला आणि तिच्या शेजारणीलाही हात लावला नव्हता. सगळा संसार मधल्या चारपाच चकत्यांवर. चढ आला की त्यातलीच एक धरून दात आवळून रेटायचं. त्यांची सायकल बघणारा मिस्त्री, जिन्याखालच्या दुकानातला, एकदा म्हणाला होता, "ताई, ही मोठी अजून कंपनीतून आल्यासारखी आहे. काढून फळीवर ठेवू का?" ताई म्हणाल्या होत्या, असू दे, शोभेला.

राइडच्या आदल्या आठवड्यात ग्रॅमसाहेब आडवे आले. ग्रॅमसाहेब म्हणजे क्लबातलेच एक, वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक. दिवसभर दुकानदारांचे तराजू पकडायचे आणि घरी येऊन सायकलचे स्क्रू तोलायचे. दोन दिवसांच्या राइडला जाताना दात घासायच्या ब्रशची दांडी त्यांनी अर्धी कापली होती. माणूस मनानं चांगला, पण मापाच्या पट्टीशिवाय कशावर विश्वास नाही. तर त्यांनी खिशातली चेनची झीज मोजायची पट्टी काढली, ताईंच्या चेनमध्ये घातली, ती खटकन आत गेली, आणि ग्रॅमसाहेबांनी डॉक्टरासारखी मान हलवली. चेन संपली आहे. या चेनवर दोनशे म्हणजे घरचे श्रम रस्त्यावर सांडणं.

मागची कॅसेट, म्हणजे त्या अकरा चकत्यांची जुडी, किती जुनी आहे हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या स्वतःच्या सायकलवर ती वर्षातून दोनदा बदलत असे. दुसऱ्याच्या सायकलवर ती पाच वर्षं बसलेली असू शकते हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

मिस्त्रीचा नियम ताईंना पाठ होता: मोठ्या राइडच्या आदल्या दिवशी सायकलला फडकं लावायचं, पाना नाही. पण या खेपेला त्यांना कुठलीच फट ठेवायची नव्हती. हरले तर पायांनी हरेन, सामानानं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी जुनी चेन तोडली, नवी मापानं कापून जोडली. बारीक कामाची सवय, वीस मिनिटांत सगळं झालं. यजमान दारात उभे राहून म्हणाले, "जुनी चालत होती ना?"

"चालत होती म्हणूनच बदलायची. बंद पडल्यावर सगळेच बदलतात."

जुनी चेन कागदात गुंडाळून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली, कारण वापरलेली वस्तू घरात लोळत पडलेली त्यांना खपत नसे. मग अंगणात तीन चकरा मारल्या. लोण्यासारखी चालली सायकल. अंगण सपाट होतं, हे लक्षात घ्यायला हवं होतं.

रविवारी सकाळी सहाला चाळीस जण निघाले. पहिल्या सिग्नलला ताईंनी पायावर जोर दिला तेव्हा मागे काहीतरी कट्‌ झालं. नवीन आहे, बसेल, असं म्हणून त्या पुढे गेल्या. बाराव्या किलोमीटरला रेल्वेवरचा पूल आला. चढावर त्यांनी नेहमीची मधली चकती धरून रेटलं, आणि चेन दात सोडून सटकली. पाय हवेत गेल्यासारखा खाली गेला, गुडघा हँडलवर आपटला, सायकल नागमोडी झाली. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत गेला. ताई उतरल्या, चढल्या, परत रेटलं, परत सटकली.

ग्रॅमसाहेब थांबले. त्यांची दोनशे केव्हाच होऊन गेली होती, ते हौसेनं आले होते. त्यांनी सायकल कठड्याला टेकवली आणि गिअरच्या तारेचा स्क्रू पिळायला घेतला. पाव फेरी डावीकडे, पाव फेरी उजवीकडे. दर वेळी ताई चढून बघत, दर वेळी गुडघ्याला प्रसाद मिळे. चाळीस जणांतले शेवटचे दोघं दिसेनासे झाले. अर्धा तास गेला. आधी फक्त मधल्या चकत्यांवर सटकत होती, आता चेन नुसतीच कुरकुर करायलाही लागली.

शेवटी ताईंनी मिस्त्रीला फोन लावला. तो झोपेतून उठला होता. सगळं ऐकून त्यानं एकच विचारलं, "चेन एकटीच बदलली?"

उत्तर देण्याआधीच ताईंना सगळं कळलं. वरची जुनी, खालची नवी. ज्या गोष्टीसाठी त्यांनी दंतवैद्यांच्या चिठ्ठ्या परत फेकल्या होत्या तीच त्यांनी स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या हातानं केली होती.

"कॅसेट जुनी आहे," त्या म्हणाल्या.

"मग घरी या, ताई. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी शेपूट नसणार होती. ताईंनी घरी फोन केला. यजमान म्हणाले की कचऱ्याची गाडी साडेपाचलाच येऊन गेली, आणि मग, "मी येऊ का कुठे?" ताई म्हणाल्या, नको, तुम्ही चहा घ्या.

ग्रॅमसाहेबांचा चेहरा उतरला होता. आपली पट्टी खरी बोलली आणि तरी आपण चुकलो, हे त्यांना पचत नव्हतं. ताईंनी त्यांना म्हटलं, रडायचं असेल तर नंतर, आधी ते पिळलेलं जसं होतं तसं करा. मग त्या मागच्या चाकापाशी चक्क रस्त्यावर उकिडव्या बसल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि चकत्यांकडे बघायला लागल्या.

ही नजर दुसऱ्या कुणाकडे नव्हती. कवळीचा चावा तपासताना ताई दातांमध्ये निळा कागद धरत आणि ठिपका कुठे उमटतो त्यावरून केसाएवढा उंचवटा ओळखत. इथे कागदाचीही गरज पडली नाही. मधल्या पाच चकत्यांचे दाते एका बाजूनं झिजून झिजून अणकुचीदार झाले होते. त्यावर नवी चेन बसणं शक्यच नव्हतं. पण वरच्या टोकाला आजीची चकती आणि तिची शेजारीण अजून कोऱ्या होत्या, दात्यांचे माथे सपाट. त्यांच्या खालची एक बऱ्यापैकी. आणि खालच्या टोकाच्या तीन लहान चकत्या, ज्यांवर जायला ताईंच्या पायात कधी जोरच नव्हता, त्याही ठणठणीत. थोडक्यात, तोंडातल्या दाढा शाबूत होत्या, समोरचेही शाबूत होते, मधलेच गेले होते. असल्या तोंडानं माणसं जेवतात. ताईंनी शेकडो बघितली होती.

प्रथमोपचाराच्या डबीतली चिकटपट्टी त्यांनी सायकलच्या दांडीवर लावली आणि पेननं लिहिलं: वर तीन चालतील, खाली तीन चालतील, मधले पाच वर्ज्य.

"पण मधल्याशिवाय सपाटीवर चालवणार कसं?" ग्रॅमसाहेब म्हणाले. "एकदम हलकं नाहीतर एकदम जड."

"पुढे दोन चक्रं आहेत की. मागची लहान घेतली तर पुढचं लहान. मागची मोठी घेतली तर पुढचं मोठं."

"चेन तिरकी पडेल. आवाज करेल. असं कुणी चालवत नाही."

"मी चालवते," ताई म्हणाल्या आणि निघाल्या. सात पंचवीस झाले होते. शंभरचं ठाणं बारा चाळीसला बंद होणार होतं.

आता हे कसं चालवायचं असतं तर वरच्या तिनातून खालच्या तिनात जाताना मधल्या पाचांवरून चेन न्यायची, पण त्या क्षणी पायात जराही जोर द्यायचा नाही, झोपलेल्या मुलाच्या अंगावरची चादर ओढावी तसं. खडखड आवाज करत ती तिरकी चेन चालत राहिली. ताई वाऱ्याशी, रस्त्याशी, कुणाशी बोलल्या नाहीत. दर अर्ध्या तासाला एक उकडलेला बटाटा, दोन घोट पाणी. ग्रॅमसाहेब पन्नास मीटर मागून येत होते, शाळेतून तक्रार आलेल्या बापासारखे.

छप्पन्नाव्या किलोमीटरला घाट लागला. सहा किलोमीटर चढ. इथेच पहिल्या खेपेला गुडघा गेला होता. नेहमीच्या मधल्या चकत्या वर्ज्य, म्हणून आजीच्या चकतीशिवाय गत्यंतर नव्हतं. ताईंनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिच्यावर चेन टाकली. पाय एकदम हलके पडले, इतके की पहिल्या क्षणी त्यांना वाटलं चेनच उतरली. मग कळलं की नाही, हे असंच असतं. पाय भराभर फिरत होते, सायकल गोगलगायीसारखी पण न थांबता वर चढत होती. चेन सटकत नव्हती.

उशिरा निघालेले दोन पळणारे मागून आले. ते राइडमधले नव्हते, नुसते सरावाला आले होते. त्यातला एक बाजूनं जाताना म्हणाला, "काकू, सायकल आहे की शिलाई मशीन?"

"शिलाई मशीन. तुझं तोंड शिवायला घेतलंय."

तो हसत पुढे गेला. ताईंना हसायला श्वास नव्हता. पण घाटमाथ्यावर उतरल्यावर त्यांनी गुडघा दाबून बघितला, मग वाकवून परत दाबून बघितला. गुडघा दुखत नव्हता. दोन राइडी, चार महिन्यांचा सराव, किती पट्टे, किती मलमं, आणि गुडघ्याचं दुखणं गुडघ्यात नव्हतंच. ते एका टोमण्यात होतं. आठ वर्षांत स्वतःवर इतका राग त्यांना कधी आला नव्हता. पण रागवायला थांबलं तर वेळ जाणार होता, म्हणून त्यांनी राग उतारावर न्यायचं ठरवलं.

शंभरच्या ठाण्यावर बारा सव्वीस. चौदा मिनिटं हातात. ताईंनी शिक्का घेतला, बाटल्या भरल्या, खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. परतीचा चढ दुसऱ्या अंगानं, जास्त उभा आणि दुपारच्या उन्हात. डांबर मऊ झालं होतं. ताईंनी आजीच्या चकतीवरून चेन हलवली नाही. समोरच्या वळणापर्यंत, मग पुढच्या वळणापर्यंत, एवढंच बघत त्या वर आल्या.

दीडशेच्या ठाण्यावर, बंद दुकानाच्या फळीवर, मास्तर बसले होते. शेजारी काठी, समोर वही, शिक्क्याची डबी. ताई उतरल्या तेव्हा तीन त्रेपन्न झाले होते. ठाणं चारला बंद होणार होतं. मास्तरांनी घड्याळ बघितलं, वहीत वेळ लिहिली आणि कार्डावर शिक्का इतक्या जोरात मारला की फळी हलली.

"सात मिनिटं उरवलीत," ते म्हणाले. "त्यातली पाच माझ्याशी बोलण्यात घालवू नका."

"चेन बदलली मी काल. एकटी चेन."

मास्तरांनी चाकाकडे बघितलं, दांडीवरची चिकटपट्टी वाचली. हसले नाहीत. "लोकांना सांगू नका," ते म्हणाले. "कवळ्या करायला कुणी यायचं नाही तुमच्याकडे." मग ग्रॅमसाहेबांकडे वळून, "तुम्ही निरीक्षक ना? मग वारा कुठून आहे ते तपासा आणि त्याच्या समोर जाऊन उभे राहा."

ग्रॅमसाहेब जी संधी सकाळपासून शोधत होते ती अशी मिळाली. शेवटचे पन्नास किलोमीटर वारा तोंडावर होता. ते पुढे झाले आणि ताई त्यांच्या पाठीआड. पहिली पाच मिनिटं ते सवयीनं पंचवीसनं सुटले. ताईंनी मागून आवाज दिला की माझी गाडी सुटली, आता कुणाला सावली देताय? मग ते सोळावर आले आणि तीन तास सोळावरच राहिले, हातातल्या घड्याळाकडे न बघता. त्यांच्यासारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा नव्हती, आणि ती त्यांनी मनापासून भोगली.

चौदा किलोमीटर उरले असताना ताईंचं डोकं थकलं. पाय चालत होते, डोकं थकलं. एका बारीकशा चढावर अंगठा जुन्या सवयीनं हलला आणि चेन मधल्या चकतीवर गेली. कट्‌. पाय सुटला, नडगी पेडलवर सोलून निघाली, चेन पार उतरून चाकाच्या आत अडकली. ताई रस्त्याच्या कडेला बसल्या. ग्रॅमसाहेब धावत आले, हात पुढे केला. ताईंनी त्यांचा हात बाजूला सारला.

"तुम्ही मोबाइलचा दिवा धरा नीट. बाकी मी बघते."

दिवेलागण झाली होती. बोटांनी चाचपत त्यांनी चेन कुठे अडकली ते शोधलं, गिअरचा हात पुढे ढकलून तिला ढील दिली, एकेक कडी सोडवली. घाई केली नाही. तोंडात दात बसवताना घाई केली की हिरडी फाटते, एवढं त्यांच्या बोटांना माहीत होतं. आठ मिनिटं गेली. चेन चढली. आजीच्या चकतीवर.

पुढची दोन्ही वळणं, शेवटचा सिग्नल, आणि क्लबाच्या कार्यालयाचं दार. अध्यक्षांनी कार्ड घेतलं तेव्हा सात बावीस झाले होते. मुदत साडेसातची. त्यांनी वेळ दोनदा तपासली, लिफ्टचा दोर तपासावा तशी, आणि सही केली. शेपटीतले दहाही जण पायऱ्यांवर बसले होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. झडपवाल्या बाईंनी उठून ताईंची सायकल हातात घेतली, कारण ती धरून उभं राहण्याएवढंही बळ ताईंच्या हातांत उरलं नव्हतं. यजमान कोपऱ्यात थर्मास घेऊन उभे होते. कार्डावरच्या सगळ्या वेळा त्यांनी ओळीनं वाचल्या, धंद्याच्या सवयीनं, आणि म्हणाले, "एकही चूक नाही."

मंगळवारी ताई मिस्त्रीकडे गेल्या. त्यानं जुनी कॅसेट काढली, फडक्यानं पुसली, उजेडात धरली आणि मधल्या दात्यांवरून अंगठा फिरवला. असल्या कॅसेटवर नव्या चेननं माणूस दहा किलोमीटर जात नाही, तो म्हणाला. ताई म्हणाल्या, मला माहीत आहे, म्हणून मी तिच्यावरून गेलेच नाही. दोन्ही नवीन टाक. चेन पण? चेन पण. ती तीन दिवसांची चेनसुद्धा आता मला नको. जुनी कॅसेट त्यांनी मागून घेतली. ती आता दवाखान्यामागच्या खोलीत फळीवर आहे, जबड्यांच्या रांगेत, शेवटून दुसरी. एक बाजू जुनी ठेवा म्हणणारा पेशंट आला की ताई ती त्याच्या हातात देतात.

पुढच्या रविवारी शेपूट निघाली. बारावा जण नवीन होता, लठ्ठसा, बँकेतला कारकून, सायकलवर ताठ बसलेला. त्यानं विचारलं की म्होरक्या कोण, कुणाच्या मागे राहायचं. टंकलेखक म्हणाला, मागे नाही, पुढे राहायचं. म्होरक्या मागे असतात. कारकुनाला ते कळलं नाही. उड्डाणपुलावर तो चढाच्या मध्यावर दात आवळून रेटत राहिला, चेहरा लाल, गुडघे थरथरत. पळणाऱ्यांची तुकडी पलीकडून जात होती आणि त्याला त्यांच्यासमोर उतरायचं नव्हतं, हलका गिअरही घ्यायचा नव्हता.

मागून कट्‌ असा स्वच्छ आवाज आला. कवळीताईंनी आजीच्या चकतीवर चेन टाकली होती. त्या हळूच त्याच्या बरोबरीला आल्या.

"तुमच्याकडेही एक मोठी आहे बघा मागे," त्या म्हणाल्या. "टाका. कोण बघतंय ते मी बघते."

त्यानं टाकली. ताई पुन्हा त्याच्या मागे गेल्या.